पैजेचा मासा

मनुष्याच्या करमणुकीसाठीं दुसऱ्या प्राण्याचा प्राण जावा कीं नाहीं, हा प्रश्न जुना आहे. परंतु तो निकालांत निघालेला नाहीं. करमणुकीचें रूप बदललें कीं तो पुन्हा नव्यानें उभा राहतो. युरोप-अमेरिकेंत सरोवरांत बुडी मारून भाल्यानें मासे टिपण्याच्या शर्यती होतात. स्पर्धकानें केवळ आपल्या छातींतील श्वासावर खालीं जावयाचें. मासा दृष्टीस पडला कीं रबराच्या ताणानें सुटणारा भाला नेमका मारावयाचा. आणि ठरलेली वेळ संपली कीं प्रत्येकानें आपली शिकार कांठावर आणून तराजूंत टाकावयाची. माशांची संख्या व वजन यांवर गुण मिळतात आणि ज्याचे गुण अधिक तो विजयी ठरतो. या खेळास धैर्य लागतें, दम लागतो, पाण्याची व माशाच्या स्वभावाची पारख लागते. तो भ्याडाचा खेळ नव्हे. आणि तरीही हें वर्णन वाचतांना पुष्कळांच्या मनास कांहीं तरी खटकतें. नेमकें काय खटकतें, व तें खटकणें योग्य आहे काय, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

नांदेड-लातूरकडील वाचकास हा प्रश्न परक्या मुलखाचा वाटेल. परंतु गेल्या शतकांत या बाजूला मोठमोठे जलाशय निर्माण झाले आहेत. नांदेडजवळ विष्णुपुरी येथें गोदावरी अडवून केलेला शंकरसागर, कंधार तालुक्यांतील मानार नदीवरचा जलाशय, आणि लातूरची तहान भागविणारें, शेजारच्या बीड जिल्ह्यांतील धनेगांवचें मांजरा धरण, हीं ठळक उदाहरणें होत. कंधारास तर राष्ट्रकूटांच्या काळींच 'जगत्तुंगसमुद्र' या नांवाचें विशाल तळें होतें. आणि हे राष्ट्रकूट स्वतःस लट्टलूरचे, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मतें आजच्या लातूरचे, स्वामी म्हणवून घेत. या पाण्यांत मासे आहेत, आणि त्या माशांवर जगणारीं माणसेंही आहेत. भोई व कोळी समाजांतील लोक थर्मोकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबेवर बसून जाळीं टाकतात. त्यांच्या सहकारी संस्था तळ्याचा ठेका घेतात, रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत आणून पाण्यांत सोडतात, आणि वाढलेला मासा बाजारांत नेतात. जेथें पाणी आहे तेथें आज ना उद्यां पाण्याचे खेळ येतातच. खेळ दारांत येऊन उभा राहण्यापूर्वीं त्याच्या बऱ्यावाईटाचा विचार करून ठेवणें शहाणपणाचें आहे.

शिवाय, हा विनोद केवळ विलायती आहे असें म्हणून आपली सुटका होण्यासारखी नाहीं. लातूर जिल्ह्यास लागून असलेल्या बिदर जिल्ह्यांत बसवकल्याण आहे. तीच चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत, सुमारें ११२९ सालीं, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें काय जाणावें, काय खावें, कशांत रमावें, याचा हा जणू कोशच आहे. त्यांत राजाच्या विनोदांना एक सबंध विंशति दिलेली असून त्या वीस विनोदांत 'मत्स्यविनोद' हाही एक आहे. दोरी कशाची करावी, गळ कसा असावा, कोणत्या माशाला कोणतें आमिष आवडतें, कोणता मासा नदींत राहतो व कोणता समुद्रांत, याचें तपशीलवार विवेचन त्यांत आढळतें. मासे पकडणें ही राजाची करमणूक असूं शकते, ही कल्पना आपल्या या भूमीला नऊशें वर्षांपूर्वींच परिचित होती, हें यावरून उघड होतें.

परंतु याच भूमीनें या करमणुकीवरचा आक्षेपही तितक्याच स्पष्टपणें नोंदवून ठेवला आहे. महानुभावांच्या 'लीळाचरित्रां'त चक्रधरस्वामी व ससा यांची लीळा आहे. पारध्यांनीं सोडलेल्या कुत्र्यांपुढें धांवत आलेला ससा स्वामींच्या मांडीखालीं शिरतो. मागून पारधी येतात आणि तो परत मागतात. त्यांच्या मागणीचें कारण मोठें लक्षांत घेण्यासारखें आहे. आम्ही उपाशी आहों, असें ते म्हणत नाहींत. हा ससा होडेचा, म्हणजे पैजेचा आहे. तो हातीं आला नाहीं तर आमच्यांत सुऱ्या निघतील, असें त्यांचें म्हणणें आहे. शेवटीं स्वामींच्या बोलण्यानें ते पालटतात व ससा वांचतो. या कथेंतील दयेचें वर्णन आपण पुष्कळदां करतों. पण तिच्यांतील 'होड' हा शब्द आपल्या नजरेंतून निसटतो. त्या एका शब्दामुळें सशाचा प्रश्न भुकेचा राहत नाहीं, तो माणसामाणसांमधील चढाओढीचा होतो. ससा हें केवळ निमित्त उरतें.

दुसरी आठवण खुद्द नांदेडची आहे. बंदा बहादूर या नांवानें इतिहासास ठाऊक असलेला पुरुष मूळचा जम्मूकडील राजौरीचा. परंपरा असें सांगते कीं, तारुण्यांत त्याला शिकारीचा नाद होता. एकदां त्याच्या बाणानें एक हरिणी पडली. ती गाभण होती, आणि तिच्या पोटांतील पिल्लें त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेलीं. त्या दिवसापासून त्यानें शिकार सोडली, घर सोडलें, बैरागी होऊन माधोदास हें नांव घेतलें, आणि फिरत फिरत तो नांदेडास गोदावरीच्या कांठीं मठ करून राहिला. तेथेंच १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांची व त्याची भेट झाली; त्यानंतर त्याच माणसानें पंजाबांत जाऊन तलवार गाजविली आणि १७१६ सालीं दिल्लींत मरण पत्करिलें. रक्ताला भिणारा हा मनुष्य नव्हता, हें त्याच्या उत्तरायुष्यावरून दिसतें. मग त्या हरिणीनें त्याला एवढें कां हलवावें? आम्हांस वाटतें, जें रक्त सांडण्याला कसलेंच कारण नव्हतें तें रक्त त्याला सोसवलें नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. शर्यतींतील मत्स्यवधांत दोष असला तर तो कोठें आहे?

एक उत्तर असें कीं, जीवहत्या ही सर्वत्रच वाईट. ज्यांचा हा सिद्धांत आहे आणि जे तो आचरणांत आणतात त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु आपल्या प्रश्नाचा उलगडा या उत्तरानें होत नाहीं. प्राण घेणें एवढाच जर दोष मानला, तर पहांटे टोपलीभर मासे काढणारा भोई हा, दुपारीं हौसेनें पांच मासे टिपणाऱ्या स्पर्धकापेक्षां मोठा अपराधी ठरेल. कोणाही विचारी मनुष्याचें मन या निर्णयास मान डोलावणार नाहीं. येथें सुशिक्षितांच्या एका खोडीचाही उल्लेख केला पाहिजे. भोयाच्या धंद्याला हलका लेखावयाचें, त्याच्या जाळ्याच्या वासानें नाक मुरडावयाचें, आणि तेंच कृत्य कोणी किंमती पोशाख घालून, कांठावर पंच बसवून केलें कीं त्याला क्रीडा म्हणून टाळ्या वाजवावयाच्या, ही नीतीची दृष्टि नव्हे. ती प्रतिष्ठेची दृष्टि आहे.

दुसरें उत्तर असें कीं, दोष हत्यारांत आहे, कारण भाला हा क्रूर. हेंही टिकत नाहीं. जाळें निवड करीत नाहीं; जें सांपडेल तें ओढतें. सुरुंगाची दारू व विष तर तळ्याचा तळच साफ करतात; म्हणून १८९७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत मासे मारण्याच्या या दोन्ही रीति गुन्हा ठरविल्या. भाल्याचें मात्र असें नाहीं. तो मारण्याआधीं पाहावें लागतें; कोणता मासा, केवढा, मारण्याजोगा आहे कीं नाहीं, हें ठरवावें लागतें. हत्यारांत विवेकाला जागा असेल तर ती भाल्यांतच अधिक आहे.

तिसरें उत्तर वेदनेचें आहे. माशाला दुःख होतें काय? 'तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो' हें तळ्यांतील बेडकांचें गाऱ्हाणें मराठी मुलाला लहानपणींच ऐकावयास मिळतें. पण मासा मुका असल्यामुळें त्याचें गाऱ्हाणें कोणी मनावर घेत नाहीं. २००३ सालीं ब्रिटनमध्यें लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोंचून पाहिलें. ते मासे खाणें टाळूं लागले, डोलूं लागले, आणि कांहीं तर ओठ तळच्या खड्यांवर घासूं लागले. ही वेदनेची जाणीव आहे कीं केवळ शरीराची प्रतिक्रिया आहे, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे. परंतु जेथें शंका आहे तेथें सावधपण हेंच योग्य. मात्र याही विचारानें शर्यत आणि धंदा यांतील भेद दिसत नाहीं. भोयाच्या जाळ्यांतील मासाही तडफडतोच.

मग भेद कोठें आहे? आमच्या मतें तो मापांत आहे. पोटाला तळ आहे. पैजेला तळ नाहीं. घरांत चार माणसें जेवणारीं असलीं तर चौघांपुरता मासा मिळाला कीं हात आपोआप थांबतो. शर्यतींत 'पुरे' हा शब्दच नाहीं. तेथें माझे मासे माझ्या भुकेशीं ताडून पाहावयाचे नसतात, तर शेजाऱ्याच्या माशांशीं ताडून पाहावयाचे असतात. त्याचे सात झाले तर मला आठ हवेत. माझे आठ झाले कीं त्याला नऊ हवेत. आणि नववा मासा मरतो तो कोणाच्याही पोटासाठीं नव्हे, कोणाच्याही द्वेषानें नव्हे, तर आठव्याला मागें टाकण्यासाठीं. एका जिवाचा अंत हा दुसऱ्या माणसाच्या हिशेबांतील एक आंकडा होतो. चक्रधरांपुढील पारध्यांना ससा नको होता, होड जिंकावयाची होती. या खेळांतही तेंच घडतें.

यावर कोणी म्हणेल कीं, बाजाराला तरी तळ कोठें आहे? भोईसुद्धां आतां केवळ पोटापुरते मासे धरीत नाहीं. तो विकतो, आणि विकणाराला अधिक विकावेसें वाटतें. आक्षेप खरा आहे आणि तो टाळूं नये. बारीक आंसाचें जाळें लावून बोटुकलीएवढे मासे उपसून विकणारा मनुष्य जातीनें कोणीही असो, तोही पैजेंतच उतरलेला आहे. त्याची पैज पैशाशीं आहे, एवढेंच. म्हणजे दोष हौशी माणसाचा व पुण्य गरिबाचें, असा हा सोपा हिशेब नाहीं. मर्यादा सुटली कीं दोष सुरू झाला, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. फरक इतकाच कीं, धंद्यांत मर्यादा मोडली जाऊं शकते, तर शर्यतींत, तिला मुद्दाम लगाम घातला नाहीं तर, ती मोडणें हाच खेळाचा हेतु असतो.

त्यांतही वजनाला बक्षीस ठेवलें कीं भाल्याचा जो एक गुण आम्हीं वर सांगितला, तोच उलटतो. निवड करतां येते, हा भाल्याचा गुण. पण शर्यत त्या निवडीला एकच दिशा देते: सर्वांत मोठा मासा मार. मोठा मासा म्हणजे बहुधा जुना मासा, अनेक विणींतून गेलेला. मोठी मादी लहान मादीपेक्षां किती तरी अधिक अंडीं घालते. आपल्या तळ्यांतील मरळ घ्या. ही जात पिल्लांची राखण करते. पिल्लांचा लालसर थवा पाण्याच्या पृष्ठाजवळ फिरत असतो आणि खालीं मोठा मासा पहारा देत असतो. मरळीला हवा घेण्यासाठीं मधून मधून वर यावेंच लागतें. ज्याला ही संवय ठाऊक आहे त्याला थव्याजवळ दबा धरून बसणें फार सोपें. पोटासाठीं आलेला जाणता मनुष्य येथें हात आवरूं शकतो, कारण पुढच्या वर्षींचें त्याचें जेवण त्या थव्यांत आहे. पदकासाठीं आलेल्याला हात आवरण्याचें कारण कोणतें? माधोदासाच्या हरिणीची कथा पाण्याखालीं पुन्हा घडते. फक्त ती कोणाला दिसत नाहीं.

खेळाच्या कैवाऱ्यांची बाजू येथें न्यायानें मांडली पाहिजे. ते म्हणतात, आमच्या शर्यतींना नियम असतात. ठराविक वजनाखालचा मासा धरला जात नाहीं. हें खरें आहे. ते आणखी एक दाखला देऊं शकतील. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत विनेबेगो नांवाचें सरोवर आहे. तेथें दर फेब्रुवारींत गोठलेल्या पाण्याला भोंक पाडून, त्यावर अंधाऱ्या झोपडींत बसून लोक भाल्यानें स्टर्जन मासा मारतात. या माशाच्या मादीला वयांत येण्यास सुमारें वीस-पंचवीस वर्षें लागतात. म्हणून प्रत्येक परवानेदाराला वर्षाला एकच मासा मारण्याची मुभा आहे. मारलेला मासा त्याच दिवशीं सरकारी नोंदीच्या जागीं दाखवावा लागतो. आणि अगोदर ठरवून दिलेली संख्या भरली कीं हंगाम तेथेंच बंद होतो. येथें भाला आहे, हौस आहे, अभिमानही आहे. पण मापाचा अधिकार मारणाराच्या हातीं ठेवलेला नाहीं. म्हणूनच हा दाखला आमच्या म्हणण्याला बाधक नसून पोषकच आहे.

कैवाऱ्यांचा दुसरा मुद्दा असा कीं, अमेरिकेंतील अनेक संस्थानांत गोड्या पाण्यांत भाल्यानें मुख्यतः कार्पसारखे उपद्रवी मानलेले मासेच मारूं देतात. मग शर्यत ही तळ्याची सेवाच नव्हे काय? गंमत अशी कीं, हा कार्प एकोणिसाव्या शतकांत तेथील सरकारनेंच खाद्य म्हणून मुद्दाम आणून सर्वत्र वांटला होता. आपल्याकडेही १९५२ सालीं बाहेरून आणलेली चिलापी आज अनेक तळ्यांत देशी माशांच्या अन्नांत वाटेकरी झाली आहे. तिची संख्या कमी करणें हें उपयोगाचें काम असूं शकेल. पण मग त्याला काम म्हणावें आणि कामासारखें करावें. त्याची कसोटी सोपी आहे. ज्याला तळें सुधारावयाचें आहे तो, उपद्रवी मासा एक दिवस संपावा अशी इच्छा करील. ज्याला शर्यत हवी आहे त्याला तो पुढच्या वर्षींही हवा असतो. सेवेचें नांव घेणाऱ्या प्रत्येक खेळाला ही कसोटी लावून पाहावी.

कोणी असाही उपाय सुचवितो कीं, भाल्याऐवजीं गळ घ्यावा आणि वजन करून मासा पुन्हा पाण्यांत सोडावा. अशा शर्यती हल्लीं पुष्कळ ठिकाणीं होतात. त्यांत मासा वांचण्याचा संभव आहे, हें निःसंशय अधिक बरें. परंतु खाण्याचेंही कारण न ठेवतां केवळ आपल्या आनंदासाठीं एका जिवाला ओढून काढावें व परत टाकावें, हें पूर्णपणें निर्दोष आहे असेंही म्हणवत नाहीं.

या सर्व विचारांत एक जुना निर्णय आम्हांस मोठा समतोल वाटतो. अशोकाच्या आठव्या शिलालेखांत असें आहे कीं, पूर्वींचे राजे शिकारी व तत्सम विनोदांसाठीं विहारयात्रेस जात. त्यानें त्या जागीं धर्मयात्रा सुरू केली. पांचव्या स्तंभलेखांत त्यानें कांहीं जातींचे मासे अवध्य ठरविले, आणि ठराविक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशीं मासे मारूं वा विकूं नयेत असें सांगितलें. येथील भेद मार्मिक आहे. कोळ्याचा धंदा त्यानें मोडला नाहीं. त्याला दिवसांची मर्यादा घातली. आपला स्वतःचा विनोद मात्र त्यानें सोडून दिला. ज्याला पर्याय नाहीं त्याच्यासाठीं मर्यादा, आणि ज्याला पर्याय आहे त्याच्यासाठीं त्याग, असा तो न्याय आहे.

मराठवाड्याच्या तळ्यांना तर हा न्याय विशेष लागू पडतो. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. एप्रिल महिन्यांत आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. जेथें तळें स्वतःच असें मरूं शकतें, तेथें माशांची मर्यादा एकदां ठरवून कायमची लिहून ठेवतां येत नाहीं. आटत्या डबक्यांत अडकलेला मासा कोणी नेला तर त्यांत पाप नाहीं. तो उद्यां मरणारच आहे. भरल्या पाण्यांत, विणीच्या दिवसांत, तोच मासा मारणें म्हणजे पुढील हंगाम खाणें होय. हें तारतम्य तळ्याच्या कांठीं बारमाही राहणाराला असतें. शर्यतीची तारीख मात्र तळें ठरवीत नाहीं. ती स्पर्धकांच्या सोयीनें ठरते. शिवाय, ज्या पाण्यांत संस्थेनें पैसा घालून बोटुकली सोडली आहे, तेथील मासा हा रानांतला ससा नसून कोणाच्या तरी शेतांतलें कणीस आहे. तें हौसेनें तोडण्याचा अधिकार हौशी माणसाला कोणीं दिला?

म्हणून आमचें मत असें आहे. बुडी मारणें, दम राखणें, पाण्याखालचें जग ओळखणें, या सर्वांचा अभ्यास तरुणांनीं अवश्य करावा. त्यासाठीं मासा मारण्याची गरज नाहीं. भाल्यानें मासा मारावयाचाच असेल तर तो स्वतःच्या ताटासाठीं मारावा, आणि किती मारावयाचे हें पाण्यांत उतरण्यापूर्वीं, तळ्यावर जगणाऱ्यांच्या संमतीनें, ठरवून घ्यावें. मात्र वजनाला व संख्येला बक्षीस लावून ज्या शर्यती होतात त्यांना आपल्या तळ्यांवर जागा नसावी. यांत खेळाचा द्वेष नाहीं. दोन माणसांनीं एकमेकांशीं चढाओढ करावी, धांवावें, पोहावें, झुंजावें. हरणाराचें फार तर मन दुखेल, आणि तें दुसऱ्या दिवशीं बरें होईल. ज्या चढाओढींत हरणारे व जिंकणारे दोघेही संध्याकाळीं घरीं जेवावयास जातात आणि तिसराच कोणी मरून पडतो, ती चढाओढ बरोबरीची नव्हे. त्या तिसऱ्यानें पैज लावलेली नसते.